भिंगारदिवे गुरुजींची वाळूची अक्षरं

भिंगारदिवे गुरुजींनी मला पहिल्याच दिवशी, भर वर्गात, पोरांसमोर डोळे मिटायला लावले. मी ट्रेनिंग कॉलेज करून आलेली, राहात्याकडच्या बागायती घरातली, विशीतली, आणि तोंडाची फटकळ. म्हटलं, "कशाला?" तर म्हणाले, "मिटा तर खरं, बाई." मिटले. त्यांनी माझ्यापुढे एक पुठ्ठा सरकवला आणि म्हणाले, "पुठ्ठ्यावरून बोट फिरवा आणि अक्षर सांगा." बोटाला काहीतरी खरबरीत लागलं. मी दोनदा बोट फिरवलं आणि ठासून सांगितलं, "व."

पोरं फिदीफिदी हसायला लागली. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी तर ओरडलीच, "बाईला येत न्हाई! ब हाय त्यो ब!"

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "डोळा फसतो, बाई. बोट फसत नाही. तुमचं बोट अजून शिकलेलं नाही, एवढंच." मला असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

गाव मिरजगावपासून दोन कोसांवर, कोरडं ठणठणीत. नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि जे झालं त्यात सगळ्यात मोठा वाटा माझा आहे. नाव लिहायचंच तर आधी माझं लिहावं लागेल. शाळेला तीन खोल्या. एकीत हेडमास्तर तिसरी-चौथी घ्यायचे, एकीत शाळेचं सामान आणि पोरांना शिजवून द्यायच्या सुकडीची पोती असायची, आणि उरलेल्या लांब खोलीत एका बाजूला गुरुजींची पहिली, दुसऱ्या बाजूला माझी दुसरी. मध्ये तरटाचा पडदा होता, तोही अर्धा फाटलेला. त्यामुळे पावणेतीन वर्षं मी माझा वर्ग घेता घेता त्यांचाच वर्ग जास्त बघितला.

माणूस बुटका, काळासावळा, पंचेचाळिशीचा. आजोबांच्या काळात घराणं ख्रिस्ती झालेलं. बायको आणि मुलगा नगरला, हे गावात एका खोलीत एकटे. रविवारी सायकलने मिरजगावला प्रार्थनेला जायचे आणि येताना कॅरिअरवर पुठ्ठे बांधून आणायचे. कापडदुकानदार साड्यांची रिकामी खोकी त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा. पोरांना 'भिंगारदिवे' म्हणता यायचं नाही, ती 'दिवेगुरुजी' म्हणायची. हाताच्या नऊ बोटांची नखं कशीही वाढलेली असत. उजव्या तर्जनीचं नख मात्र रोज सकाळी कातडीला टेकेपर्यंत कापलेलं. का, असं विचारलं तर म्हणाले, "अक्षर बोटाच्या पोटाला कळतं, नखाला नाही."

त्यांची ती अक्षरं बनवायची पद्धत मी इतक्यांदा बघितली आहे की आजही बनवून देईन. सीना नदीच्या पात्रातली वाळू आणायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा चाळायची. बाभळीचा डिंक पाण्यात रात्रभर भिजवायचा. पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढायचं, वर वाळू पेरायची, उन्हात वाळवायचं, झटकायचं. झालं. मग पोराला मांडीपाशी बसवायचं, त्याचं बोट आपल्या हातात धरायचं आणि त्या वाळूवरून फिरवायचं. घाई करायचे नाहीत. एकेका पोराचं बोट दहा दहा वेळा फिरवायचे. दिवाळीपर्यंत कोणाच्या हातात पाटी द्यायचे नाहीत. हेडमास्तर कुरकुरायचे, "अहो, साहेब आले आणि पोरांनी पाटीवर एक अक्षर काढून दाखवलं नाही तर?" गुरुजी म्हणायचे, "साहेबांनाही डोळे मिटायला सांगू."

प्रत्येक पोराला पहिलं अक्षर त्याच्या स्वतःच्या नावातलं. अ आ इ ई नंतर. मला हे पोरकट वाटायचं. पण ज्या दिवशी नामा नावाच्या पोराने सुकडीच्या पोत्यावरचा 'न' ओळखला आणि तो पोत्याला मिठीच मारून बसला, त्या दिवशी मी गप्प झाले. माझ्या दुसरीत आलेली त्यांची पोरं वाचताना अडखळायची, पण घाबरायची नाहीत. हा फरक मी नंतर तीस वर्षं नोकरी करून कुठे बघितला नाही.

मग बहात्तर साल आलं. त्या सालाबद्दल फार सांगत नाही, ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. गावातली निम्मी माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची आणि घरात अमेरिकेची ती तांबडी मिलो ज्वारी शिजायची.

गुरुजींच्या अक्षरांवर एक खूण असे. हात कुठून सुरू करायचा हे कळावं म्हणून सुरुवातीच्या टोकाला ज्वारीचा एक दाणा चिकटवलेला. त्या वर्षी श्रावणात एका सकाळी बघतात तर निम्म्या पुठ्ठ्यांवरचे दाणे गायब. त्यांना वाटलं उंदीर. त्यांनी पुन्हा चिकटवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी मी तरटाच्या फटीतून बघितलं, ठकी दातांनी दाणा खरवडून काढत होती. ठकी म्हणजे तीच, पहिल्या दिवशी मला हसलेली. हजेरीत तेव्हा नावच नव्हतं तिचं, भावामागे येऊन नुसती बसायची. आता सहाची होऊन रीतसर पहिलीत आली होती. डिंकासकट, वाळूसकट दाणा चघळत होती.

मी ओरडणार तोवर गुरुजींनी बघितलं. त्यांनी दाण्यांच्या जागी चिंचोके लावले. पोरांनी चिंचोके उपटले, घरी नेऊन भाजून खाल्ले. मग गुरुजींनी ओढ्यातले बारके खडे लावले आणि सायकल काढून तालुक्याला गेले. तिथे कोणाकोणापुढे काय बोलले देव जाणे, पण आठवडाभरात आमच्या शाळेची सुकडी वाढवून मिळाली. मला म्हणाले, "बाई, उपाशी पोराचं बोट थरथरतं हो. मला वाटायचं, अक्षरं अवघड जातायत." आणि डोळे पुसले. मी त्यांना रडताना तेव्हा बघितलं, तेवढंच.

सुकडी शिजवायचं पातेलं चुलीवरून उतरवायला आमच्याकडे सांडशी नव्हती. गुरुजी डाव्या हातात फडकं धरून, उजव्या नुसत्या हाताने उतरवायचे. उकळतं पातेलं काठाला धरून अलगद खाली ठेवायचे आणि पुन्हा वर्गात. पोरं थक्क होऊन बघायची. "गुरुजींचा हात लोखंडाचा हाय," असं गावभर झालं होतं. मी तर चेष्टा करायची, "काय हो गुरुजी, पुढच्या जत्रेत तंबू टाकू या का तुमचा?" ते हसून म्हणायचे, "सवय आहे, बाई." हाताला फोड यायचे ते मला दिसायचे. मी विचारायचीही नाही. मला आज त्या चेष्टेची इतकी लाज वाटते की पातेलं उतरवायला सांडशी हातात घेतली तरी आठवण येते.

सुकडीबरोबर तेलाचे डबे यायचे. रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून गुरुजींनी त्या हिवाळ्यात पत्र्याची अक्षरं करायला घेतली. पोरांनी ती जमिनीवर ठेवून कडेने बोट फिरवायचं, धुळीत अक्षर उमटायचं. पत्रा कापला की ते कानशीने घासायचे आणि मग प्रत्येक कडेवरून आपलं उजवं बोट फिरवून बघायचे. कुठे टोचत असेल तर पुन्हा घासायचे. पोराच्या हातात देण्याआधी हे कधी चुकलं नाही.

संक्रांत झाली होती. दुपारी ठकीने त्यांच्या हातून पत्र्याचा एक ग घेतला आणि म्हणाली, "गुरुजी, ह्यो ग तांबडा का वो?"

गुरुजींनी ग बघितला, मग स्वतःचा हात. बोटाचं पेर आडवं चिरलं होतं, आतलं पांढरं दिसत होतं आणि रक्त मनगटापर्यंत गेलेलं. मी धावले, माझ्या ओच्यातला रुमाल काढून बांधला. "किती लागलंय! कळलं नाही तुम्हाला?" ते म्हणाले, "नाही हो." अगदी नवल वाटल्यासारखं म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

शाळा सुटल्यावर म्हणाले, "बाई, जरा थांबता का? एक काम आहे." जमिनीवर बसले, स्वतःच उपरणं डोळ्यांवर बांधलं. "वाळूची अक्षरं एकेक पुढे ठेवा. नाव सांगू नका."

मी एक ठेवलं. त्यांनी जखमेवरचा रुमाल सरकवून उजव्या हाताची दुसरी बोटं फिरवली. एकदा, दोनदा. "पुठ्ठा आहे," म्हणाले. मी म्हटलं, "अक्षर कोणतं?" त्यांनी मान हलवली. मी दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. कपाळावर घाम आला त्यांच्या. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि बोट टेकवल्या टेकवल्या म्हणाले, "म." पुढचं दिलं. "क." त्याच्या पुढचं, "भ." उपरणं सोडलं आणि सदऱ्याची बाही वर केली. उजव्या हातावर कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता.

"हा दोन वर्षांचा आहे. मला वाटलं, उन्हाने झाला." मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बाई, मी रोज वीस-पंचवीस लेकरांची बोटं धरतो."

स्वतःचं काय होईल, नोकरीचं काय, बायकोचं काय, यातलं त्यांच्या तोंडून काही आलं नाही. मला मात्र तेच सुचत होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मला माझा रुमाल आठवला.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून नगरला गेले. चार दिवसांनी परत आले ते डॉक्टरांचा कागद घेऊनच. "डॉक्टरांना म्हटलं, मराठीत लिहा. उद्या कोणालाही वाचता आला पाहिजे." मी वाचला. तीनच वाक्यं होती. 'यांना महारोग झाला आहे. तो दुसऱ्यास न लागणाऱ्या प्रकारचा असून औषध चालू आहे. शाळेत शिकवण्यास काहीही हरकत नाही.' खाली सही, शिक्का.

"मग झालं तर!" मी म्हटलं.

"झालं नाही, बाई. परीक्षा होऊ द्या. तोवर कोणाला सांगू नका. माणसं आधी घाबरतात, मग ऐकतात. परीक्षा झाली की मीच सभा बोलावीन आणि हा कागद वाचून दाखवीन. ठकीचा बाप म्हणालाय, हे एकच वर्ष. पुढच्या वर्षी ती आईबरोबर खडी फोडायला जाणार. अशा पाच-सहा पोरी आहेत माझ्याकडे. त्यांना मार्चअखेर वाचता आलं पाहिजे, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे." कागद त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिला. खोलीवर बायको अधूनमधून यायची, तिच्या हाती असा अवचित पडायला नको म्हणून.

पण एक झालं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं तरी गुरुजींनी पोरांची बोटं धरायचं सोडलं. मी म्हटलं, "अहो, लागत नाही म्हणून लिहून दिलंय ना?" तर म्हणाले, "डॉक्टर सांगतात ते खरंच आहे. माझं मन धरू देत नाही." तुरीची एक काठी घेतली. काठी अक्षरावर टेकवायची, पुढे सरकवायची, आणि पोराने तिच्यामागून आपलं बोट न्यायचं. पोरांना जमेना. ठकी तर सवयीने बोट पुढे करायची आणि वाट बघत बसायची. गुरुजी दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. "तू ने, तू ने बाळ. काठीच्या मागं." ठकीचा क उलटाच जायचा.

पोरं घरी जाऊन सांगणारच. फेब्रुवारीतला बाजाराचा दिवस होता, खडीचं काम बंद. मधल्या सुट्टीत ठकीची आई हौसाबाई आणि बाप म्हादबा शाळेत आले. मागे आणखी सात-आठ बाया-बाप्ये. हौसाबाईने चपला बाहेर काढल्या, पदर सारखा केला. भांडायला आलेली नव्हती ती.

"गुरुजी, येक इचारायचं हुतं. ठकी म्हनती, गुरुजी आता बोट धरीत न्हाईत, काठीनं शिकिवत्यात. समद्याच पोरांचं आसं हाय म्हनं. आमी कामावरची मानसं. पान्याचा टँकर चार दिसांनी येतो, लेकरांना आंगुळ न्हाई का काय न्हाई. म्हनून किळस येती व्हय तुमाला?"

"नाही हो हौसाबाई," गुरुजी म्हणाले. "तसं नाही."

"मंग कसं?"

म्हादबाचा आवाज चढला. "आमी तुमाला कंदी येगळं धरलं का? तुमी किरिस्ताव, आमी कंदी इचारलं न्हाई. माज्या घरचं ताक पिऊन गेलाव तुमी. आन् आता आमच्या लेकरांना तुमी शिवंना? ढोरं हाईत का ती काठीनं हाकायला?"

गुरुजी मान खाली घालून उभे. हात पाठीमागे. ज्या माणसाने त्यांच्या पोरांच्या तोंडी सुकडी यावी म्हणून उन्हातून सायकल मारली, त्याला किळस येते म्हणे! माझं डोकं सटकलं. मला काही दिसेना. मी तरटाच्या अलीकडून ओरडले, "थांबा! कोणाला बोलताय तुम्ही? काय कारण आहे ते कागदावर लिहिलंय, आणते!"

"बाई, नको," गुरुजी म्हणाले. मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं मी आजवर दोघा-तिघांना सांगितलं आहे, ते खोटं आहे.

मी शिकलेली ना! छापील, लिखित, सही-शिक्क्याचं काही वाचून दाखवलं की माणसं समजतात, असं माझं पक्कं मत. वर्गातल्या माझ्या पेटीतून कागद काढला, ओसरीवर उभी राहिले आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. "यांना महारोग झाला आहे."

आवाज नाही की गलका नाही. हौसाबाईने ठकीचा हात असा ओढला की पोर पायरीवरून पडली. दुसऱ्या बाया आपापली पोरं काखोटीला मारून पळत सुटल्या. मी पुढचं वाचत होते, "तो दुसऱ्यास न लागणाऱ्या प्रकारचा असून..." आवाज मोठा करून वाचत होते. तिसरं वाक्य वाचलं तेव्हा अंगणात ऐकायला कोणी नव्हतं. चपला तेवढ्या राहिल्या होत्या. हेडमास्तर खांबाला धरून उभे होते.

गुरुजी वर्गात गेले आणि पुठ्ठे नीट रचायला लागले. मी मागे गेले. "गुरुजी, मी..." ते म्हणाले, "तुम्ही माझ्या बाजूने बोललात, बाई." एवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी हौसाबाईने ठकीचा हात रॉकेलने चोळला, मग राखेने, मग कढत पाण्याने. टँकरची आख्खी घागर त्या एका हातावर ओतली. पोरीचं किंचाळणं माझ्या खोलीपर्यंत येत होतं. मी दार लावून घेतलं.

सकाळी शाळेसमोर माणसं जमली. गुरुजींची सगळी अक्षरं जाळा, नाहीतर एक पोर शाळेत येणार नाही. हेडमास्तर घाबरट होते, पण दुष्ट नव्हते. त्यांना शाळा चालवायची होती. त्यांनी अंगणात तुराट्या रचल्या. आता अक्षरं बाहेर आणणार कोण? कोणी शिवेना. हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले.

मी वर्गात गेले. पुठ्ठे उचलायला वाकले. आणि मी हाताला पदर गुंडाळला.

मला माहीत होतं. तो कागद मीच वाचला होता, तिन्ही वाक्यं मला पाठ होती. लागत नाही, लागत नाही, हे मी आदल्या दिवशी ओरडून सांगितलं होतं. तरी मी पदर गुंडाळला, दोनदा वेढा दिला, आणि चार खेपा करून ती अक्षरं आगीत टाकली. शेवटच्या खेपेला वर बघितलं तर रस्त्यापलीकडे गुरुजी आपल्या खोलीच्या दारात उभे होते. माझ्या हाताकडे बघत होते. मी पदर सोडवायला गेले तर तो सुटेचना. पुठ्ठे जळून गेले, वाळू जमिनीवर राहिली. पत्र्याची अक्षरं जळेनात म्हणून कोरड्या आडात टाकली.

गुरुजी त्याच दुपारी निघाले. एस.टी.त कोणी बसू देणार नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून ट्रंक कॅरिअरला बांधून सायकल हातात धरून चालत निघाले. मी वेशीपर्यंत गेले, दहा पावलं मागून. गाव बघत होतं म्हणून दहा पावलं, की आणखी कशासाठी, मला विचारू नका. वेशीपाशी ते थांबले. पदराचं काही बोलतील, शिव्या घालतील, असं वाटलं. म्हणाले, "ठकी क खालून वर ओढते. वरून खाली आणायला शिकवा. एवढं सुधारलं की तिला वाचता येईल."

ठकी पुन्हा शाळेत आली नाही. होळीनंतर मी तिला पाझर तलावावर बघितलं. आईशेजारी बसून बारकी हातोडी चालवत होती. उजव्या बोटांना चिंधी बांधलेली, तिच्याखाली कातडं सोललेलं. मी हाक मारली तर हौसाबाई म्हणाली, "जावा बाई तुमी. लई शिकली ती." मी परत फिरले. पहिलीच्या परीक्षेला त्या पाच-सहा पोरींतली एकही बसली नाही. वर्ग मी घेतला. पाटीवर अक्षरं काढून दिली, घोकून घेतली. मुलं पास झाली. सगळीकडे होतात तशी.

पुढे दीड वर्षात गुरुजींची दोन पोस्टकार्डं आली. पहिलं दवाखान्यातून. 'औषध लागू पडत आहे. बोटे थोडी वाकली आहेत, पण रोग थांबला आहे.' मी उत्तर चारदा लिहिलं, चारदा फाडलं. माफी मागायची तर पदराबद्दल मागायची की कागदाबद्दल, तेच मला ठरवता येईना. दुसरं कार्ड आलं त्यात अक्षर डावीकडे कललेलं, बहुतेक डाव्या हाताने लिहिलेलं होतं. 'डॉक्टरांनी पूर्ण बरे झाल्याचा दाखला दिला. मी पहिलीचा वर्ग मागितला आहे. कोणतेही गाव चालेल असे लिहिले आहे.' वर्ग मिळाला नाही. एका कचेरीत टपालावर शिक्के मारायला बसवलं त्यांना, कोपऱ्यात, वेगळं टेबल देऊन. हे मला हेडमास्तरांकडून कळलं.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीची सुट्टी संपवून मी राहात्याहून परत निघाले होते. नगरच्या स्टँडवर मिरजगाववरून जाणाऱ्या कर्जत गाडीत खिडकीपाशी बसले. गाडी सुटायला वेळ होता. समोर फलाटाच्या बाकावर गुरुजी दिसले. केस पांढरे झालेले, सदरा धुतलेला, मांडीवर पिशवी. उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली. त्यांना ओळखणारं तिथे कोणी नव्हतं, कोणी त्यांच्यापासून लांब बसलं नव्हतं. शेजारी एक बाई तान्हं पोर पाजत होती, आणि तिची मोठी, पाचेक वर्षांची पोर, आमच्या गाडीवरची पाटी वाचायचा खटाटोप करत होती. तोंडाने अक्षर म्हणायची आणि हवेत बोट फिरवायची.

मी उतरायला हवं होतं. चार पावलांचं अंतर. मी दांडी धरून अर्धवट उठलेही. आणि मी पुन्हा बसले.

पोरगी अडली. तिने गुरुजींकडे बघितलं. गुरुजी काहीतरी बोलले, अक्षर सांगितलं असावं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तरटाच्या फटीतून दिसायचा तोच माणूस दिसला. पोरीने मान हलवली, तिला ते काढता येत नव्हतं. तिने सरळ आपलं बोट त्यांच्यापुढे धरलं. धरा म्हणून.

गुरुजींचा हात पुढे आला. अगदी तिच्या बोटापर्यंत आला. आई बघत होती, तिने काही म्हटलं नाही. सगळ्या स्टँडवर त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. दाखला त्यांच्या खिशात असणार. आणि तो हात तिथेच थांबला, मागे गेला, आणि त्यांनी तो स्वतःच्या मांडीखाली घालून दाबून धरला.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तेव्हा पोरीने बोट तसंच पुढे धरलेलं होतं, आणि गुरुजी दुसरीकडे बघत होते.